पांजे नावाचं स्टेशन

रेल्वे सिम्युलेटर हा खेळ ज्यांनी कधी पाहिला नाही त्यांना तो समजावून सांगणं अवघड जातं. यात कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही. इंजिनाच्या केबिनमध्ये बसायचं, सिग्नल बघायचे, वेग सांभाळायचा आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या स्टेशनात गाडी उभी करायची. माझी आई याला नोकरी म्हणते आणि अधूनमधून पगाराचं विचारते.

मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर २००१ साली आला. माझ्या हाती तो बराच उशिरा, शेजारच्या दादाच्या सीडीवरून लागला. त्यात सहा रूट होते. अमेरिकेचे दोन, जपानचे दोन, ऑस्ट्रियाचा एक आणि इंग्लंडचा एक. इंग्लंडचा म्हणजे सेटल ते कार्लाइल. भाईंदरच्या दीड खोलीच्या घरात बसून मी फ्लाइंग स्कॉट्समन गाडी रिबलहेडच्या चोवीस कमानींच्या पुलावरून कितीतरी वेळा नेली आहे. डेंट, गार्सडेल, अ‍ॅपलबी ही नावं मला नायगाव-नालासोपाऱ्याइतकी पाठ होती. आजही पुलाचं चित्र दिसलं की बोट आपोआप रेग्युलेटरच्या कळीवर जातं.

मोठा झाल्यावर रूट चालवण्यापेक्षा बनवण्याचा नाद लागला. आम्ही देशोदेशीचे काही हौशी लोक मिळून जुने रूट तयार करतो. बरेचसे इंग्लंडमधले निवृत्त गृहस्थ आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाला तरी प्रत्येक सिग्नलच्या दांडीची उंची माहीत असते. मागे पुढच्या कामासाठी प्रस्ताव मागवले गेले. अट एकच होती, रूट ब्रिटिश रेल्वेचा हवा. कोणी १९६६ साली बंद पडलेली समरसेट-डॉर्सेट लाइन सुचवली, कोणी कॉर्नवॉलचा एखादा फाटा. मी लिहिलं: विरार ते बॅक बे, बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, शुक्रवार, १२ एप्रिल १८६७.

पहिलं उत्तर सभ्य होतं. कल्पना छान आहे, पण हा भारतातला रूट झाला.

मला ते उत्तर लागलं, हे कबूल करतो. पण रागापेक्षा कुतूहल जास्त होतं. रेल्वे ब्रिटिश कशामुळे ठरते? रूळ ज्या मातीवर पडले त्या मातीमुळे, की ज्यांनी टाकले त्यांच्यामुळे? मी उत्तर लिहायला बसलो आणि तीन रविवार त्यात गेले.

बीबीसीआय ही कंपनी १८५५ साली लंडनमध्ये उभी राहिली. तिचं संचालक मंडळ लंडनला, बहुतेक भागधारक ब्रिटनमधले. रूळ, गर्डर, इंजिनं सगळं जहाजातून यायचं. भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती. म्हणजे गाडीने कमावलं नाही तरी भागधारकाला त्याचे पैसे मिळणार, आणि तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जाणार. जमीन फुकट. दादाभाई नौरोजी आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्यासारख्या लोकांनी पुढे या हिशेबावर बोट ठेवलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या प्रस्तावापुरता मुद्दा एवढाच की, सेटल-कार्लाइल लाइन १८७६ साली प्रवाशांसाठी खुली झाली तेव्हा आमच्या वसईच्या खाडीवरून गाडी जायला लागून दशक उलटलं होतं. कंपनी त्यांची, लोखंड त्यांचं, नफा त्यांचा. मग रूट आमचाच का?

हे उत्तर आता वाचलं की थोडं वकिली वाटतं. पण ते लिहिताना मी या लाइनच्या इतिहासात शिरलो आणि मग वादाचं विसरूनच गेलो.

जीआयपी आणि बीबीसीआय या दोन कंपन्यांचे स्वभाव अगदी वेगळे. जीआयपीने सह्याद्रीला टक्कर दिली. बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ घेतला, पंचवीस बोगदे खणले, मध्येच गाडीची दिशा उलटवणारं स्टेशन बांधलं, आणि हजारो मजूर त्या कामात पटकी-तापाने मेले. बीबीसीआयचा सल्लागार इंजिनीअर कर्नल जॉन पिट केनेडी याला हे चढ मुळातच पसंत नव्हते. चढावर इंजिनाचा कोळसा जातो, ओढण्याची ताकद घटते आणि हा खर्च बांधकामासारखा एकदाच होत नाही, रोज होतो, असा त्याचा हिशेब. घाट ओलांडायचाच कशाला, किनाऱ्याने उत्तरेला जावं, असं तो म्हणत राहिला. सपाटी म्हटली की मला त्याचं म्हणणं पटतं. कोड लिहितानाही एकदाच करायच्या कामापेक्षा लूपमधल्या कामाला आम्ही जास्त घाबरतो.

पण कोकणच्या किनाऱ्याने जायचं म्हणजे दर काही मैलांवर खाडी. केनेडीने घाट टाळला आणि पाणी पत्करलं. त्यासाठी त्याने एक ठराविक साचा केला: साठ फुटी वॉरन गर्डर, खाली बिडाचे स्क्रू-पाइल. स्क्रू-पाइल म्हणजे टोकाला मोठं पातं असलेला खांब. तो चिखलात ठोकायचा नाही, स्क्रूसारखा फिरवत खाली घालायचा. ही युक्ती बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेलची, पेटंट १८३३ चं. मिचेल तरुणपणीच आंधळा झाला होता. थेम्सच्या मुखाशी मॅप्लिन सँड्सवरचं दीपगृह त्याच्याच खांबांवर उभं राहिलं. तळ लागत नाही अशा वाळूत आणि गाळात पाय रोवून उभं राहण्याची विद्या एका न दिसणाऱ्या माणसाने शोधली आणि तीस वर्षांनी ती वसईच्या खाडीत आली. सगळे गाळे सारखेच असल्यामुळे एकाच मापाचे तुकडे विलायतेत पाडायचे, जहाजात भरायचे आणि इथे जोडायचे. खाडी रुंद असेल तर गाळे जास्त, अरुंद असेल तर कमी. सिम्युलेटरमध्ये आम्ही हेच करतो. पुलाचा एक गाळा तयार करायचा आणि हवा तितक्यांदा पुढे पुढे चिकटवायचा. केनेडीचा पूल संगणकावर काढायला मला एक संध्याकाळ पुरली. रिबलहेडची एक कमान काढायला एकाला महिना लागला होता.

लाइन गुजरातेतून सुरू झाली. पहिला तुकडा अंकलेश्वर ते उतराण, १८६०. मग दक्षिणेकडे सरकत १८६४ च्या अखेरीस ग्रँट रोड. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ त्याच्या आदल्या वर्षी छापून झालेलं होतं, त्यामुळे त्यांच्या मुंबईत ही गाडी नाही. त्या वेळी अमेरिकेत यादवी चालू होती, लँकशरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळत नव्हता, आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. ही लाइन कोणासाठी होती ते यावरून उघड आहे. मुंबईत पैसा इतका झाला की समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरवर लोक वेडे झाले. १८६५ साली युद्ध संपलं, कापूस पडला, आणि प्रेमचंद रायचंदसकट अर्धी मुंबई बुडाली. रेल्वे मात्र किनाऱ्यालगतच्या पट्टीवरून पुढे गेली आणि बॅक बेला पोचली. त्या काळी गाडीच्या खिडकीतून थेट समुद्र. मरीन ड्राइव्ह यायला अजून सत्तर वर्षं होती.

इथे संगणकाने पहिली खोड काढली. रूटची जमीन आम्ही उपग्रहाच्या किंवा अंतराळयानाच्या उंचीच्या मोजणीवरून घेतो. त्यात सोयीची मोजणी फेब्रुवारी २००० मधली, अमेरिकेच्या स्पेस शटलने केलेली. ती उतरवली तर १८६७ च्या बॅक बेत नरिमन पॉइंट उगवला. तो मी हाताने, चौकोन चौकोन करत, पुन्हा समुद्रात बुडवला. मग भाईंदर आलं. माझी स्वतःची इमारत, जिच्या गच्चीची उंचीही मोजणीत कुठेतरी मिसळलेली असणार, ती सपाट करून तिथे मिठागर काढलं. अडीचशे चौरस फुटांचा हप्ता वडिलांनी पंधरा वर्षं फेडला होता. माउसच्या दोन क्लिक लागल्या.

दुसरी अडचण घड्याळाची. त्या गाडीच्या वेळा प्रसिद्ध आहेत. विरारहून सकाळी ६:४५, बॅक बेहून परत संध्याकाळी ५:३०. दिवसातून एक गाडी जाणार, एक येणार. आज पश्चिम रेल्वेच्या उपनगरी फेऱ्या दिवसाला तेराशेच्या वर आहेत. पण ६:४५ कोणत्या घड्याळाचे? आपली हल्लीची प्रमाणवेळ १९०६ ची. त्याआधी मुंबईची स्वतःची वेळ होती, आजच्या घड्याळापेक्षा ३९ मिनिटं मागे, आणि शहराने तर ती १९५५ पर्यंत सोडली नाही. मुंबईचं घड्याळ धरलं तर ती गाडी आजच्या हिशेबाने ७:२४ ला सुटते. एप्रिलच्या मध्यावर तेव्हा ऊन चांगलं वर आलेलं असतं. मी आधी पहाटेचा कोवळा प्रकाश लावला होता, इंजिनाच्या वाफेवर फार सुंदर दिसत होता. काढावा लागला.

आता स्टेशनं. या पहिल्या गाडीच्या स्टेशनांची यादी बऱ्याच ठिकाणी छापलेली आहे आणि ती मोठ्याने वाचायला मजा येते. साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं. नीला म्हणजे नालासोपारा. बसीन म्हणजे वसई, दुसऱ्या बाजीरावाने १८०२ साली ज्या नावाच्या तहावर सही केली तेच बसीन. बोरीवला. पहाडी, म्हणजे गोरेगाव. पहाडी हे गाव तिथे खरंच आहे. अंदारू. बांडोरा. माहीम. दादूर. ग्रँट रोड.

बसीन आणि बोरीवला यांच्यामध्ये भाईंदर नाही. मीरा रोड नाही हे समजण्यासारखं आहे, ते तर माझ्या जन्माच्या जरा आधीचं शहर. पण भाईंदर नाही म्हटल्यावर मला उगाच अपमान झाल्यासारखं वाटलं. २०११ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या आठ लाखांच्या वर आहे. सकाळी ८:१५ ला दारात लटकणारा कोणीही सांगेल की हा आकडा एकाच डब्यात असतो. आणि त्या यादीत आपण नाही.

त्या जागी एक नाव आहे, पांजे.

पांजे म्हणजे पाणजू. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये उल्हास नदीचं पाणी समुद्राला मिळताना दोन फाट्यांत विभागतं आणि मध्ये एक बेट राहतं. तेच पाणजू. म्हणून खाडीवर एक पूल नसून दोन आहेत. रेल्वेच्या वहीत ते ७३ आणि ७५ क्रमांकाचे पूल. लोकलमधून जाताना भाईंदरच्या बाजूचा रुंद प्रवाह संपला की थोडी झाडी, थोडं हिरवं दिसतं, आणि लगेच दुसरं पाणी लागतं. त्या झाडीत माणसं राहतात. दिवसभरात लाखो लोक त्यांच्या गावातून जातात आणि त्यातल्या फार थोड्यांना ते गाव आहे हे माहीत असतं. मलाही नव्हतं. मी वीस वर्षं त्या पट्ट्याला मनातल्या मनात ‘पुलाचा मधला भाग’ म्हणत होतो.

म्हणजे १८६७ साली, भाईंदरचं नाव यादीत नव्हतं तेव्हा, बेटाचं होतं. बेटावर गाडी थांबत होती. आज बेटावरून जाणाऱ्या फेऱ्यांपैकी एकही तिथे थांबत नाही, आणि रस्त्याचा पूलही नाही. जाणं-येणं होडीने.

मी एका रविवारी नायगावच्या बाजूने होडीने गेलो. सोबत लॅपटॉपमध्ये अर्धा झालेला रूट होता, तो उघडला नाही. पाणी उतरलेलं होतं, चिखलाचा काठ लांबवर उघडा पडलेला. रुळांच्या भरावाच्या कडेने थोडं फिरलो. गाड्या डोक्यावरून गेल्यासारख्या जात होत्या. परतीच्या होडीची वाट बघताना एक म्हातारे गृहस्थ भेटले. कुठून आलात, कशाला आलात, हे विचारून झालं. मी सांगितलं, "काका, दीडशे वर्षांपूर्वी इथे स्टेशन होतं."

"इथं? आमच्या?"

"हो. यादीत नाव आहे. पांजे."

त्यांनी रुळांकडे पाहिलं. विरार फास्ट जात होती, ती पूर्ण जाईपर्यंत बोलता आलं नाही. मग म्हणाले, "मग बंद कोणी केलं?"

मी म्हटलं, "कंपनी लंडनची होती."

"आता कुठली आहे?" त्यांनी विचारलं.

१९०५ साली सरकारने लाइन विकत घेतली, १९४२ साली कारभारही ताब्यात घेतला, १९५१ साली पश्चिम रेल्वे झाली. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तेवढ्यात होडी आली, ते बरं झालं.

आता पुढचं सांगायला मला संकोच वाटतो, पण ते गाळलं तर बाकीच्याला अर्थ नाही. माझा मामा वसईला. लहानपणी गणपतीनंतर, घटस्थापनेनंतर त्याच्याकडे जायचं असलं की आई निर्माल्याची पिशवी बरोबर द्यायची. गाडी पुलावर आली की दारातून ती खाडीत टाकायची. सगळेच टाकत. फुलं, हार, कधी नारळ. हात जोडायचे. भरल्या पिशवीला गाडीचा वेग मिळालेला असतो, हे मी पुढे भौतिकशास्त्रात शिकलो, पण त्या पिशवीशी ते कधी जोडून पाहिलं नाही. खाली पाणीच तर आहे.

होडी नसली की पाणजूचे लोक रेल्वेच्या पुलाच्या कडेने चालत जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये तसंच चालणाऱ्या एका तरुणाला धावत्या लोकलमधून फेकलेला नारळ लागला आणि त्याचा जीव गेला. बातमी वाचली तेव्हा मी त्याच गाडीत होतो, म्हणजे त्याच मार्गावरच्या दुसऱ्या गाडीत. दाराजवळ एका बाईंच्या हातात पिशवी होती. मी त्यांना "मावशी, टाकू नका, खाली माणसं चालतात" म्हणालो. त्या म्हणाल्या, "पुलावर कुठली आलीत माणसं?" आणि मी मोबाइलवरची बातमी दाखवेपर्यंत पूल संपला. पिशवी त्यांच्याच हातात राहिली.

त्या रात्री प्रस्तावात बदल केला. आधी मी गाडी महत्त्वाच्या स्टेशनांवर थांबवून पांजेवरून सरळ नेली होती. कारण साधं होतं: पांजेच्या स्टेशनाचं चित्र मिळत नाही, आणि चुकीची इमारत काढली तर सिग्नलच्या दांडीवाले गृहस्थ फाडून खातील. सिम्युलेटरचा रूट हा मुळात इंजिनाच्या केबिनमधून पाहिलेला असतो. रुळाच्या दोन्ही बाजूंना दिसेल तेवढंच काढायचं, त्यापलीकडे जमीन रिकामी सोडायची, म्हणजे संगणकावर भार येत नाही. गुजरातचा कापूस बंदरावर नेणाऱ्यांनीही हा किनारा तसाच पाहिला होता. मी त्यांच्याइतक्याच काटकसरीने बेटावर दहा झाडं लावली होती.

गटातल्या एका इंग्लिश गृहस्थांशी यावर बोललो. ते यॉर्कशरचे. त्यांनी मला सेटल-कार्लाइलचीच गोष्ट सांगितली, जी मी बारा वर्षं तो रूट चालवूनही वाचली नव्हती. १९७० च्या मे महिन्यात त्या लाइनवरची लहान स्टेशनं बंद केली गेली. फक्त सेटल आणि अ‍ॅपलबी उरली. डेंट, ज्याला मी पहिल्यांदा गाडी बरोबर थांबवायला शिकलो, तिथे सोळा वर्षं नेहमीची गाडी थांबत नव्हती. नंतर लाइनच बंद करायचा घाट घातला गेला, लोक भांडले, आणि १९८६ साली आठ लहान स्टेशनं पुन्हा उघडली. १९८९ साली लाइनही वाचली. ते म्हणाले, गाडी थांबते म्हणून गावं नकाशात राहतात, आमच्याकडे तरी असं झालं. आणि मग खास त्यांच्या पद्धतीने: पांजेला फलाट लाकडी धर, उंची कमी ठेव, चुकलं तर मी सांभाळून घेईन.

रूटला मंजुरी मिळाली. ‘ब्रिटिश’ या सदराखाली तो मोडतो की नाही यावर अजून दोघांचं जमलेलं नाही. काम मात्र चालू आहे. इंजिन दुसरा कोणी करतो आहे, डबे तिसरा. माझ्याकडे वसई ते बोरीवला हा तुकडा आहे.

पांजेला मी कमी उंचीचा लाकडी फलाट काढला, एक कंदील, एक पाटी. पाटीवर काय लिहायचं यावर विचार केला आणि यादीत होतं तेच लिहिलं. बेटावर घरं, भातशेती, आणि काठाला दोन होड्या. आता प्रश्न पाण्याचा आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याची पातळी एकदा ठरवली की ठरली, भरती-ओहोटी नाही. ओहोटीचं पाणी ठेवलं तर केनेडीचे स्क्रू-पाइल पूर्ण दिसतात, इंग्लंडच्या मंडळींना तेच हवं आहे. पण होड्या चिखलात बसतात. मी सध्या भरती ठेवली आहे.